ठेव कोणाची?

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाच्या चिटणीसाने विचारलं आहे. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक ब्रदर गावात राहायला आले. आवाज गोड, वचनं तोंडपाठ, आजाऱ्याच्या उशाशी रात्र रात्र बसणारा माणूस. दर शुक्रवारी त्यांच्या घरी प्रार्थना होते. तिथे हळूहळू ‘मला प्रभूने दाखवलं’ हे वाक्य पवित्र शास्त्राच्याही वर जाऊन बसलं. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, त्यांच्या स्वतःच्या खात्यावर जातो. मधुमेह असलेल्या एका मावशींना त्यांनी इन्शुलिन सोडायला सांगितलं. कुणी काही विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका.’ पाळकसाहेब गप्प आहेत, कारण अर्धा गायकवर्ग शुक्रवारी तिकडेच असतो. कमिटीतले वडील (मंडळीतले ज्येष्ठ) म्हणतात, घरातलं घरात राहू द्या. चिटणीसाचा प्रश्न असा की विश्वास राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि आपण तोंड उघडलं तर मंडळी फोडल्याचं पाप आपल्या माथी येईल का.

जय ख्रिस्त, भाऊ.

आधी मावशींचं बघा, बाकीचं नंतर. त्यांच्या लेकीला किंवा सुनेला सोबत घ्या, आजच दवाखान्यात न्या, साखर तपासून घ्या. इन्शुलिनवर असलेल्या माणसाने ते एकदम सोडलं तर काही दिवसांत तो बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. ‘औषध घेतलं तर माझा विश्वास कमी पडेल’ असं त्या म्हणाल्या तर वाद घालू नका. प्रेषित पौलाने आपला तरुण शिष्य तीमथ्य याला काय लिहिलं तेवढं वाचून दाखवा: पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा. ज्याच्या हातून देवाने कितीतरी आजारी बरे केले, तोच पौल आपल्या लाडक्या लेकराला औषधाचा घोट सांगतो. त्याच्याबरोबर फिरणारा, शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्यं लिहिणारा लूकही वैद्यच होता. इन्शुलिन घेऊन प्रार्थना करता येते. प्रार्थनेनंतर साखर उतरली असं वाटलं तर डॉक्टर तपासून डोस कमी करतील. शुक्रवारच्या बैठकीत तो ठरत नसतो.

आता तुमचा प्रश्न. मी चौतीस वर्षं पाळक म्हणून सेवा केली, बहुतेक नगर, बीड, जालना भागातल्या मंडळ्यांत. बाहेरून आलेले दगडही पाहिले. ज्या रात्री दगड आले त्या रात्री दोन्ही गल्ल्यांतली माणसं, एरवी एकमेकांच्या लग्नालाही न जाणारी, एका सतरंजीवर प्रार्थनेला बसली. ज्या मंडळ्या मी मोडताना पाहिल्या त्या मात्र सगळ्या आतून मोडल्या. आणि त्यातल्या एकीतही भांडणाची सुरुवात सिद्धान्तावरून झाली नव्हती. सुरुवात किल्लीवरून झाली. अर्पणपेटीची किल्ली, शाळेच्या कपाटाची किल्ली, कबरस्तानाच्या जागेचे कागद ज्या ट्रंकेत आहेत तिची किल्ली. सिद्धान्त मागाहून आला, किल्ली हातात राहावी म्हणून.

कुणी हा प्रश्न विचारला की मी इफिस या प्राचीन शहरातल्या मंडळीपासून सुरुवात करतो. एका मंडळीचा बालपणापासून म्हातारपणापर्यंतचा माग नव्या करारात कुठे लागत असेल तर तो तिथे. इफिसला बाहेरचं संकट कमी नव्हतं. अर्तमी देवीची चांदीची देवळं घडवणारा देमेत्रिय सोनार होता. आपला धंदा बसतोय म्हटल्यावर त्याने कारागिरांना उठवलं, अख्खं शहर नाट्यगृहात घुसलं आणि दोन तास ‘इफिसकरांची अर्तमी थोर’ हा एकच घोष चालला. त्या गर्दीतल्या बहुतेकांना आपण कशाला जमलो हेही माहीत नव्हतं, असं लूक लिहितो. (आपल्याकडच्या मोर्चांना हे लागू पडतं की नाही ते तुम्हीच ठरवा.) शेवटी नगराच्या चिटणीसाने समजूत घालून लोकांना घरी पाठवलं. तुमच्याच हुद्द्याचा माणूस म्हणायचा. मंडळीचा त्यात केसही वाकडा झाला नाही.

पुढे पौल यरुशलेमेला निघाला तेव्हा इफिसला न थांबता मिलेतला उतरला आणि तिथे त्याने इफिसच्या वडिलांना बोलावून घेतलं. आता पुन्हा भेट होणार नाही हे त्याला ठाऊक होतं. अशा वेळी माणूस मुख्य तेच बोलतो. तो देमेत्रियाबद्दल एक शब्द बोलला नाही. तो म्हणाला, मी गेल्यावर क्रूर लांडगे शिरतील, आणि खुद्द तुमच्यातूनच माणसं उठतील, शिष्यांना आपल्यामागे ओढण्यासाठी वाकडंतिकडं शिकवतील. समोर बसलेले सगळे मंडळीचे वडील होते. त्या क्षणी त्यांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. आणि ‘आपल्यामागे’ हा शब्द विसरू नका. पौलाने लांडग्याची ओळख तिथेच दिली आहे. चुकीचं तो शिकवतोच, पण त्याचा डोळा असतो तो माणसं आपल्यामागे बांधून घेण्यावर.

त्याच भाषणात पौलाने आणखी एक गोष्ट केली. आपल्याकडे उपदेश करताना ती बहुधा राहून जाते. त्याने स्वतःचा हिशोब दिला. तीन वर्षं रात्रंदिवस रडत रडत तुम्हाला शिकवलं, कुणाच्या सोन्यारुप्याचा किंवा कपड्यांचा लोभ धरला नाही, या हातांनी कष्ट करून माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या. ‘या हातांनी’ म्हणताना त्याने हात पुढे केले असतील. तंबू शिवणाऱ्याचे हात. आणि राखणीबद्दल सांगतानाही ‘स्वतःकडे लक्ष द्या’ हे आधी, ‘कळपाकडे’ नंतर.

काही वर्षांनी तोच पौल इफिसला असलेल्या तीमथ्याला लिहितो: तुझ्या स्वाधीन केलेली ठेव सांभाळ. माझं सगळं उत्तर या एका शब्दाभोवती आहे. ‘ठेव’ हा तिथल्या बाजारातला शब्द होता. अर्तमीचं देऊळ म्हणजे त्या काळची पेढीच. दूरदूरची माणसं आपला पैसा तिथे सुरक्षित ठेवायची. तेव्हा ठेव म्हणजे काय हे इफिसकरांना समजावून सांगावं लागलं नसेल. आपल्यालाही लागत नाही. ठेव माझ्याकडे असते, पण माझी नसते. मी ती खर्चायची नाही, तिच्यात भेसळ करायची नाही, तिच्यावर माझं नाव घालायचं नाही. ज्याची आहे तो मागेल त्या दिवशी ती जशीच्या तशी परत द्यायची. मधल्या काळात कुणी ‘ठेव आहे ना जागेवर?’ असं विचारलं तर राग यायचं कारण नाही.

महाराष्ट्रात पतसंस्था बुडलेली पाहिली नाही असा तालुका नसेल. बुडालेल्या पतसंस्थेत दरोडा पडलेला नसतो. कुलूप शाबूत असतं, गुरखा जागेवर असतो, आणि पैसा संचालकांच्या सहीने बाहेर गेलेला असतो. ठेवीदाराला पहिली शंका येते तेव्हा शाखेत त्याला सांगतात, ‘साहेबांवर विश्वास नाही का?’ तुमच्या शुक्रवारच्या बैठकीत जे उत्तर मिळतं त्याच्याशी हे ताडून बघा.

म्हणून कुणाचीही पारख करताना मी एकच बघतो. हा माणूस सुवार्तेशी, माणसांशी, पैशाशी ठेवीदारासमोर उभ्या असलेल्या राखणदारासारखा वागतो की मालकासारखा? ब्रदरांना ही कसोटी लावा. पण तीच पाळकसाहेबांना लावा, कमिटीला लावा, तरुण संघालाही लावा. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस बाहेरून आलेला नव्हता. तो खुर्चीवर होता. त्याला पुढेपुढे करायची हौस होती. तो आलेल्या बंधूंना दारात उभं करत नसे, आणि जे त्यांना घरात घेत त्यांनाच मंडळीबाहेर काढत असे. मंडळीतली खुर्ची हा लांडग्यापासून बचाव नाही. कधीकधी ती त्याची झोपायची जागा असते.

अभिषिक्ताचं वचन बघू, कारण तुमचं तोंड बंद झालंय ते तिथे. ते स्तोत्र १०५ मधलं आहे. तिथे देव राजांना बजावतो आहे, अब्राहाम, इसहाक, याकोब या मूठभर भटक्या परदेशी माणसांना इजा करू नका म्हणून. दुबळ्यांच्या बाजूने बोललेलं वचन बळकटांची ढाल कशी झाली, हे नवलच. दुसरा दाखला देतात दावीदाचा: त्याने शौल राजाला हात लावला नाही. बरोबर, तलवार लावली नाही. पण गुहेतून बाहेर येऊन, झग्याचा कापलेला काठ हातात धरून, दोन्हीकडच्या माणसांदेखत ओरडून विचारलं की मी तुझं काय वाईट केलं ते सांग. जीव घेणं वेगळं आणि जाब विचारणं वेगळं, हे दावीदाला कळत होतं. पुढे तो स्वतः अभिषिक्त राजा झाला आणि चुकला, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर म्हणाला, तो मनुष्य तूच. अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. आणि योहान तर आपल्या पहिल्या पत्रात सरळ सगळ्या विश्वासणाऱ्यांनाच म्हणतो की तुम्हाला अभिषेक झाला आहे. त्या हिशोबाने मावशीही अभिषिक्त आहेत. त्यांच्या औषधाला हात लावणाऱ्याने ते वचन आधी स्वतःला ऐकवावं.

आता करायचं काय. लगेच पत्रक काढू नका, व्हॉट्सॲपवर तर एक अक्षर टाकू नका. इफिसमध्येच अपुल्लोस आला होता. मोठा वक्ता, शास्त्रात निपुण, पण त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. म्हणजे शिकवण अपुरी, आणि बोलणं मात्र प्रभावी. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याचं ऐकलं, त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. तो शिकला, आणि मंडळीला एक मोठा सेवक मिळाला. सभास्थानात सगळ्यांदेखत त्याला अडवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. म्हणून आधी ब्रदरांना घरी बोलवा, चहाला. तुम्ही एकटे नको. एखाद्या जाणत्या बाईला आणि ज्यांचा ते मान ठेवतात अशा एका वडिलांना घ्या. खरंच ऐकून घ्या, कारण गावातलं अर्धं बोलणं वाढवलेलं असू शकतं. मग साधं विचारा. मावशींना तुम्ही नेमकं काय म्हणालात? जमलेल्या पैशाची वही कुठे आहे? ‘प्रभूने दाखवलं’ ते पवित्र शास्त्रातून आम्ही तपासलं तर तुम्हाला चालेल का?

शेवटच्या प्रश्नावर माणूस कळतो. बिरुया शहरातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात शोधून पडताळलं, आणि त्याबद्दल लूकने त्यांना थोर मनाचे म्हटलं आहे. पौलाला ज्याचा राग आला नाही त्याचा राग ब्रदरांना यायला नको. ते म्हणाले, ‘चला, चुकलो असेन तर सांगा,’ तर तुमच्या हाती अपुल्लोस लागला. तो गमावू नका, चुकीचं ओझं त्याच्या पाठीवर जन्मभर ठेवू नका.

तसं झालं नाही तर इफिसच्या दुसऱ्या दोघांकडे वळावं लागतं. हुमनाय आणि फिलेत म्हणायचे की मेलेल्यांचं पुनरुत्थान होऊन गेलं आहे. ऐकायला हे जास्त आध्यात्मिक वाटतं, हे लक्षात घ्या. खोटी शिकवण सहसा खऱ्यापेक्षा दोन बोटं वरच बोलते. साध्या विश्वासणाऱ्याला वाटतं, आपण मागे राहिलो. पौल म्हणतो, ती काळपुळीसारखी चरत जाते. मधुमेहाच्या घरात काळपुळी म्हणजे काय हे सांगायला नको. वर साधी फुटकुळी दिसते, आत मांस सडत असतं. ती झाकून ठेवून बरी होत नाही.

मग लेखी द्या. पाळकसाहेब आणि पास्टोरेट कमिटीच्या नावाने एक पानी पत्र: कोणत्या दिवशी, कुणासमोर, काय बोललं गेलं. विशेषणं गाळा. ‘दुष्टात्मा’, ‘लांडगा’ असले शब्द तर अजिबात नकोत. मी इथे समजावताना वापरतो, पत्रात ते वापरणारा स्वतःच संशयास्पद ठरतो. दोन-तीन साक्षीदारांच्या सह्या घ्या. वडिलांविरुद्धचा आरोप दोघातिघांच्या साक्षीशिवाय घेऊ नकोस, हे तीमथ्याला सांगितलेलंच आहे. अनेकजण एवढंच वाचतात आणि थांबतात. पुढच्याच ओळीत आहे की जे पाप करत राहतात त्यांना सर्वांदेखत दोष दाखव, म्हणजे इतरांनाही भय वाटेल. आणि त्यापुढे, पक्षपाताने काही करू नकोस. कमिटीने महिनाभरात काही केलं नाही तर प्रत वर पाठवा, बिशपसाहेबांकडे किंवा तुमच्या पंथात जी वरची व्यवस्था असेल तिच्याकडे. तसं करणार आहोत हे कमिटीला आधी सांगून पाठवा. लपून काही नको.

पैशाचं वेगळं बघा, कारण तिथे गोलमोल बोलायला जागा नसते. मंडळीच्या सेवेसाठी म्हणून गोळा केलेला पैसा मंडळीच्या खात्यात, पावतीने, दोन सह्यांनी. आपल्या बहुतेक मालमत्ता नोंदणीकृत विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा त्यांना लागू होतो. वर्षाचा हिशोब तपासून घेणं, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देणं, आणि जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी, हे त्यात आलंच. ‘देवाच्या कामात सरकारचं काय?’ असं ज्यांच्या तोंडून मी ऐकलं, त्यातल्या बहुतेकांच्या वह्या कोऱ्या निघाल्या.

इथे माझंच सांगतो. सेवेच्या सहाव्या की सातव्या वर्षी आमच्या खजिनदारांच्या वहीत तीन महिन्यांचं अर्पण चढवलेलं नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माणूस भला, भजनात पेटी वाजवायचा, माझ्या मुलाच्या आजारपणात त्याने रक्त दिलेलं. मी गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला मनात ‘मंडळीची शांती’ असं नाव दिलं. दीड वर्षाने प्रकरण फुटलं तेव्हा रक्कम पाचपट झाली होती आणि तो माणूस परतीच्या पलीकडे गेला होता. तीन कुटुंबं मंडळी सोडून गेली. जाताना त्यांनी त्याच्यापेक्षा माझं नाव जास्त घेतलं, आणि ते बरोबरच होतं. पहिल्याच महिन्यात मी त्याच्या घरी जाऊन विचारलं असतं तर तो रडला असता, पैसे भरले असते, आणि आजही पेटी वाजवत असता.

दुसऱ्या शतकातली रोमची मंडळी याबाबत आपल्यापेक्षा धीट होती. सिनोपे नावाच्या काळ्या समुद्रावरच्या बंदरातून मार्शन नावाचा श्रीमंत माणूस रोमला आला आणि त्याने मंडळीला दोन लाख सेस्टर्स (रोमन नाणी) एवढी देणगी दिली. मग शिकवू लागला की जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं, तीही कात्री लावून, एवढंच शास्त्र त्याने ठेवलं. इ. स. १४४ मध्ये मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि त्याचे पैसे परत केले. हे वाचलं की माझ्या मनात पहिला विचार येतो तो खजिन्याचा: म्हणजे खर्च करून टाकले नव्हते तर! आपल्याकडे तोवर त्या पैशातून हॉलचा स्लॅब पडला असता, कोनशिलेवर नाव लागलं असतं, आणि मग कोण काय बोलणार?

एक गोष्ट मात्र कमिटीच्या अखत्यारीत येत नाही. एखाद्या बैठकीत, शिबिरात, वसतिगृहात लहान मुलाशी किंवा मुलीशी वाईट वर्तन झाल्याचं कळलं, तर मत्तय १८ ची पायरी-पायरी (आधी एकट्याने, मग साक्षीदारांसह, मग मंडळीसमोर) तिथे लावायची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. चहा नाही, समेट नाही, ‘मुलीच्या बदनामीचा विचार करा’ नाही. थेट पोलीस ठाणं.

‘घरातलं घरात’ म्हणणाऱ्या वडिलांबद्दल. त्यांच्या मनात बहुधा कपट नाही, भीती आहे. आपण गावात मूठभर, बाहेर हसं होईल. पण बहुमत गप्प आहे म्हणून गोष्ट लहान आहे असं होत नाही. जर्मनीत १९३३ च्या जुलैमध्ये मंडळ्यांच्या निवडणुका झाल्या आणि हिटलरची बाजू घेणाऱ्या ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाला सुमारे दोन तृतीयांश मतं पडली. चर्च नुसतं बाहेरून ताब्यात घेतलं गेलं नव्हतं. पाळकांनी आणि सभासदांनी मतपेटीतून दिलं होतं. नोव्हेंबरात बर्लिनच्या एका भरगच्च सभेत त्यांच्या पुढाऱ्याने जुना करारच टाकून द्या असं सांगितलं. मार्शन अठराशे वर्षांनी परत आला होता, या वेळी गणवेश घालून. त्याविरुद्ध १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन इथे लुथरन, रिफॉर्म्ड आणि युनायटेड मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी जाहीरनामा केला: आम्ही ऐकायचं देवाचं वचन एकच, येशू ख्रिस्त. धाडसाचं काम होतं. पण त्या जाहीरनाम्यात ज्यूंबद्दल एक शब्दही नव्हता. मसुदा लिहिणारे धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांना ती चूक पुढे म्हातारपणी स्वतः कबूल करावी लागली. चांगल्या राखणदारांचीही एक खिडकी उघडी राहते.

आपली उघडी खिडकी कोणती, हे विचाराल तर मी ब्रदरांचं नाव घेणार नाही. जात म्हणेन. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, हे आपण बाप्तिस्म्याच्या वर्गात पाठ करून घेतो. आणि लग्न जुळवताना, कमिटीचा उमेदवार ठरवताना ‘ते मूळचे कोण?’ हा प्रश्न हलक्या आवाजात विचारतो. याचा कुणी ठराव मांडत नाही म्हणून तो पाखंड ठरत नाही. पण ठेवीत याच्याइतकी जुनी भेसळ आपल्याकडे दुसरी नाही. शुक्रवारच्या बैठकीला गर्दी होण्यामागे हेही एक कारण असेल का, ते बघा. पुष्कळदा अशा घरात सगळ्या गल्ल्यांतली माणसं पहिल्यांदा एका ताटाभोवती बसलेली मी पाहिली आहेत.

आणखी एक सांभाळा. प्रश्न विचारणारा आणि फसवणारा यांत गल्लत करू नका. यहूदाचं पत्र पंचवीस ओव्यांचं, त्यात शेवटाकडे येईपर्यंत नुसता विजांचा कडकडाट. पण शेवटी तो म्हणतो, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यानंतर त्यांना त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही) शिकवण पटेना आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. तिथल्या एका सिस्टरना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या डोरोथिया बील मात्र पत्रांमागून पत्रं लिहून, न चिडता, त्यांच्याशी बोलत राहिल्या. त्या रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून मराठी शास्त्र करण्यात घातली. पाखंडी म्हणून तेव्हाच दार लावलं असतं तर कोणाचं नुकसान झालं असतं?

हे मला माहीत होतं तरी मी चुकलो. दृढीकरणाच्या वर्गात एका कॉलेजच्या मुलीने नेमकं तेच विचारलं: तीन कसे आणि एक कसा? तिने दुसऱ्यांदा विचारल्यावर मी आवाज चढवला. तिचा विश्वास राखतोय असंच मला वाटत होतं. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्यापुढच्याही नाही. मला उत्तर नीट येत नव्हतं, हे खरं कारण. ते कबूल करून ‘चल, दोघं मिळून वाचू’ म्हणायला पाच मिनिटं लागली असती.

इफिसचं म्हातारपण नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात आहे, पौलाच्या त्या निरोपानंतर अंदाजे चाळीस वर्षांनी. पौलाचं त्यांनी ऐकलं होतं. प्रेषित नसून प्रेषित म्हणवणाऱ्यांची त्यांनी परीक्षा केली, ते खोटे ठरवले, निकलाइत नावाच्या भरकटलेल्या गटाची कृत्यं त्यांनी खपवून घेतली नाहीत. परीक्षेत पैकीच्या पैकी. आणि प्रभू म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. पश्चात्ताप कर, नाहीतर मी येऊन तुझी समई तिच्या जागेवरून काढीन. तपासणी करता करता त्यांना सवय लागली असावी. दारात येणारा प्रत्येक माणूस आधी संशयित. राखणदाराच्या नोकरीत हे होतं. रात्रपाळीच्या माणसाला दिवसाही चोरच दिसतात.

तेव्हा मंडळी फोडल्याचं पाप लागेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: खरं, तोंडावर आणि साक्षीदारांसमोर बोलल्याने लागणार नाही. ब्रदर हरले म्हणून मनातून गोड वाटलं तर त्या दिवशी माझ्याकडे या, आपण बोलू.

आणि एक कष्टाचं काम आहे. ब्रदर या गावात कुणाची जागा हिसकावून बसलेले नाहीत, रिकामी होती ती भरून बसले आहेत. मावशींच्या घरी मंडळीतलं शेवटचं कोण, कधी गेलं होतं, ते विचारून घ्या. मला वाटतं उत्तर ऐकून कमिटीला माना खाली घालाव्या लागतील. रुग्णभेटीची यादी करा. आठवड्याला चार घरं, दोघादोघांनी जायचं, एक म्हातारं माणूस आणि एक तरुण. पाळकसाहेबांनाही यादीत घ्या. बिचारे गायकवर्ग सांभाळत एकटे पडले असतील. बुधवारी संध्याकाळी एक शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचायला घ्या, ज्याला जे अडेल ते त्याने विचारायचं, आणि ब्रदरांनाही बोलवा. गायकवर्गाला सांगा की जुनी भजनं काढा. आपल्या आज्ज्यांना सिद्धान्त कुणी शिकवला नव्हता, तो त्यांना चालीसकट पाठ होता. शुक्रवारी कोणती गाणी म्हणतात तेही ऐकून घ्या. गाण्यात ‘मी’ किती वेळा येतो आणि ख्रिस्त किती वेळा, एवढं मोजलं तरी पुरे.

पत्राचा मसुदा पाठवायचा असेल तर पाठवा, मी वाचून देतो. पण त्याआधी मावशींची साखर किती आली ते कळवा.